नवीन डिझेल पिकअपच्या इंजिनात काय बदललंय? गावातल्या गावात भाजी वाहायला घेऊ का?

खरा बदल सायलेन्सरच्या बाजूला आहे ओ. 1 एप्रिल 2020 ला बीएस6 म्हणजे गाडीच्या धुराचे कडक सरकारी नियम आले, डिझेलमधलं सल्फर 50 वरून 10 पीपीएम (दहा लाख भागांत 10) झालं आणि काजळी अडवायला डीपीएफ नावाचा फिल्टर बसला, काही मॉडेलला धुरातले विषारी वायू कमी करायला युरियाची वेगळी टाकी पण. आता त्या फिल्टरात साठलेली काजळी जळायला साधारण 600 डिग्री लागतात, मार्केट यार्डात दोन-दोन किमी रांगत फिरून एवढी गरमी कुठून येणार, मग फिल्टर तुंबतो आणि लागतो डॅशबोर्डवर पिवळा दिवा. लागला की हायवेला 15-20 मिनिटं एका लयीत पळवा, मध्येच बंद करू नका. ऑईल जळल्यावर कमी राख सोडणारं, बीएस6 वालंच टाका, गॅरेजवाला 'चालतंय की' म्हणाला तरी. रनिंग गावातच असेल तर मी सीएनजी बघीन.