वंश, समन्याय आणि रास्त बढती

प्रश्न असा आला आहे: "मी नागपूरला मिहानमधल्या एका आयटी कंपनीत एचआर विभागात आहे. अमेरिकेतल्या मुख्य कचेरीकडून आलेलं भरती आणि बढतीचं धोरण मराठीत करायचं आहे. 'रेशियल डायव्हर्सिटी'ला वांशिक विविधता म्हणू, वर्णीय की जातीय? 'इक्वॅलिटी' आणि 'इक्विटी' दोन्हींना समानता लिहिलं तर चालेल का? आणि 'फेअर'चं काय करायचं? कच्चा फॉर्म सुरक्षारक्षकांना आणि कँटीनमधल्या मंडळींना भरायला दिला, तर 'वंश'च्या रकान्यात एकाने 'सोमवंशी' लिहिलं आणि बाकीच्यांनी रकाना कोराच सोडला."

ताई, सोमवंशी लिहिणाऱ्याचं काहीच चुकलं नाही. मराठी माणसाला वंश म्हटलं की वंशावळ आठवते, वंशाचा दिवा आठवतो, फार तर 'निर्वंश होवो' ही शिवी. संस्कृतात वंश म्हणजे बांबू. पेरावर पेर चढतं तशी पिढीवर पिढी, म्हणून तो शब्द घराण्याला लागला. छपराचा आपला वासाही त्याच शब्दाचा, खाल्ल्या घरचे मोजतात ना, तोच. म्हणजे आपला वंश एका घराण्यातून खाली उतरत येतो. अमेरिकी 'रेस'मध्ये मात्र एकमेकांचं तोंड न पाहिलेली कोट्यवधी माणसं एका खणात बसवलेली असतात, आणि ते खणही सरकार बदलत राहतं. तिथल्या १९७० च्या जनगणनेत भारतीयांची गणना गोऱ्यांत झाली होती. १९८० मध्ये त्यांना 'एशियन इंडियन' असा वेगळा रकाना मिळाला. माणसं तीच, खण नवा.

तरीही वंशच लिहा. संविधानाच्या मराठी पाठात पंधराव्या अनुच्छेदात 'धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान' अशी ओळ आहे, आणि सरकारी नोकरीतल्या समान संधीचा जो सोळावा अनुच्छेद, त्यात कूळ आणि निवास यांची भर आहे. इतकी वर्षं कायद्यात रुळलेला शब्द सोडून नवा घडवायचं कारण नाही. फक्त फॉर्ममध्ये रकान्याखाली एक ओळ टाका: 'उदा. आफ्रिकी वंशाचे, युरोपीय वंशाचे, पूर्व आशियाई वंशाचे'. 'भारतीय वंशाच्या अंतराळवीर' हे आपण पेपरात वाचतोच, त्यामुळे 'अमुक वंशाचा' अशी रचना दिसली की अर्थ लगेच लागतो. नुसता 'वंश' एकटा ठेवला की सोमवंशी येणारच.

'वर्णीय' नको. वर्ण हा शब्द मराठीत तीन ठिकाणी नोकरी करतो: वर्णमालेत, गौरवर्णात आणि चातुर्वर्ण्यात. दक्षिण आफ्रिकेच्या जुन्या राजवटीला आपली वर्तमानपत्रं 'वर्णद्वेषी' म्हणत आली ते तिथे शोभतं, कारण तिथला कायदाच कातडीच्या रंगावर उभा होता. पण दीक्षाभूमीच्या गावात 'वर्णभेद' असं भिंतीवर लावलंत तर वाचणाऱ्याच्या मनात आधी चातुर्वर्ण्यच येईल, आणि त्यात त्याची चूक नाही. 'जातीय'ची तर आणखीच पंचाईत: जातीय दंगल म्हणजे मराठीत बहुतेक वेळा दोन धर्मांतली दंगल. आणि आपल्याकडे अर्धं गाव हिंदी पेपर वाचतं म्हणून 'नस्लीय' हळूच आत येतंय, तेही थांबवा.

आता मुद्द्याचं. तुमच्या इंग्रजी मसुद्यात भेदभावाच्या कारणांची जी यादी असेल ती बहुधा अमेरिकेच्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्यातून आलेली असणार: वंश, रंग, धर्म, लिंग, मूळ राष्ट्र. त्यात जात नाही. म्हणून तिकडे वादही झाले. २०२० मध्ये कॅलिफोर्नियाच्या सरकारी विभागाने सिस्को कंपनीवर दलित अभियंत्याशी जातीवरून भेदभाव झाल्याचा दावा लावला, तेव्हा जात या यादीत कुठे बसवायची हाच प्रश्न उभा राहिला. २०२३ मध्ये सिएटल शहराने आपल्या नियमात 'जात' हा शब्द सरळ लिहूनच टाकला. कॅलिफोर्निया विधिमंडळाने संमत केलेलं तसंच विधेयक त्याच वर्षी गव्हर्नरांनी नाकारलं. त्याआधी २००१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी डर्बन परिषदेत जातिभेद हा वंशभेदाचाच प्रकार आहे का यावर मोठी खडाजंगी झाली होती, आणि भारत सरकार 'नाही' म्हणत होतं.

ताई, तुम्ही यादीचा इमानदारीने शब्दशः अनुवाद केलात तर नागपूरच्या माणसाला जो रकाना सगळ्यांत आधी लागेल तोच गायब होईल. अमरावती जिल्ह्यातून आलेले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांचा २००७ चा अभ्यास आहे. वर्तमानपत्रातल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावाआडनावात. दलित आणि मुस्लिम वाटणाऱ्या नावांना पुढचं बोलावणं येण्याची शक्यता कमी निघाली. बॉस्टन आणि शिकागोत गोऱ्या आणि काळ्या वाटणाऱ्या नावांनी असाच प्रयोग २००४ मध्ये छापून आला होता. तिथे गोऱ्या नावांना निम्म्याने जास्त फोन आले. तेव्हा वंश आणि जात, दोन्ही शब्द शेजारीशेजारी लिहा. कचेरीने हरकत घेतली तर पंधरावा अनुच्छेद दाखवा. आणि वंश म्हणजे फक्त परदेशचं प्रकरण आहे असं कोणी म्हणालं तर सांगा, की ईशान्येकडच्या तरुणांशी इतर राज्यांत होणाऱ्या वागणुकीसाठी केंद्राला २०१४ मध्ये बेझबरुआ समिती नेमावी लागली होती.

'डायव्हर्सिटी'ला विविधता बरोबर आहे, त्यावर वेळ घालवू नका. फक्त 'विविध उमेदवार' असं एकाच माणसाबद्दल लिहू नका. एकटा माणूस विविध कसा असेल? विविधता चमूत असते. 'आजवर कमी प्रतिनिधित्व मिळालेल्या गटांतले उमेदवार' हे लांब आहे, पण खरं आहे. नाहीतर बोलताना लोक त्याचं 'कोट्यातला' करतात, आणि त्या एका शब्दाने माणसाची डिग्री, अनुभव, सगळं पुसलं जातं.

'इक्विटी'वर मात्र थांबायला हवं. शेअरवाल्यांनी तो शब्द भागभांडवलासाठी पळवला आहे, म्हणून 'इक्विटी' असंच देवनागरीत ठेवू नका. लेखा विभागातला माणूस गोंधळेल. आणि समानताही नको, कारण या दोन्हींतला फरक हाच तर धोरणाचा गाभा. अमेरिकेतलाच खटला घ्या, ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर, निकाल १९७१ चा. नॉर्थ कॅरोलिनातल्या या वीज केंद्रात काळ्या कामगारांना फक्त मजूर खात्यात ठेवत. त्या खात्यातला सर्वांत जास्त पगार इतर खात्यांतल्या सर्वांत कमी पगारापेक्षाही कमी होता. १९६४ चा तो नागरी हक्क कायदा नोकऱ्यांना १९६५ मध्ये लागू झाला, आणि ज्या दिवशी लागू झाला त्याच दिवशी कंपनीने चांगल्या खात्यांत नव्याने शिरणाऱ्यांना हायस्कूलच्या प्रमाणपत्राशिवाय दोन लेखी चाचण्याही लावल्या. नियम सगळ्यांना सारखा. पण काळ्यांच्या शाळा वेगळ्या आणि हलक्या ठेवलेल्या, आणि प्रमाणपत्राविना आधीच आत असलेले गोरे कामगार काम नीट करतच होते. न्यायालयाने म्हटलं, चाचणीचा कामाशी संबंध दाखवा. कंपनीला तो दाखवता आला नाही. समानता होती, जे नव्हतं त्याला मराठीत समन्याय म्हणतात.

हा शब्द मी घडवलेला नाही. पाण्याच्या भांडणांत 'समन्यायी पाणीवाटप' सगळ्यांनी ऐकलंय. विदर्भाला तर तो पाठ असायला हवा. संविधानाच्या ३७१(२) अनुच्छेदात विदर्भ आणि मराठवाड्यासाठी जी राज्यपालांची खास जबाबदारी आहे, तीत निधीच्या समन्यायी वाटपाबरोबर तंत्रशिक्षणाची आणि राज्याच्या सेवेतल्या नोकरीच्या संधींचीही समन्यायी व्यवस्था आहे. त्याआधी विदर्भाने मराठी राज्यात यावं म्हणून झालेल्या १९५३ च्या नागपूर करारात नोकऱ्यांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा हे कलम होतंच. म्हणजे 'हायरिंगमधली इक्विटी' आपल्याकडे सिलिकॉन व्हॅलीतून आलेली नाही, आपण ती सत्तर वर्षं मागतोय. मिळाली किती हा वेगळा विषय. आणि मागणीनंतर जे उरतं त्याला अनुशेष म्हणतात, तोही तुमच्या धोरणात 'बॅकलॉग'च्या जागी बिनधास्त वापरा.

एक व्यवहाराची गोष्ट. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी १९६५ चा तो जुना आदेश रद्द केला, ज्याने सरकारी कंत्राटदारांवर अशा भरतीची जबाबदारी टाकली होती. १९६४ चा कायदा जागेवर आहे, पण त्यानंतर बऱ्याच कंपन्यांनी आपल्या धोरणांची नावं बदलली. मराठी करायला घेण्याआधी कचेरीला विचारा, हाच मसुदा अंतिम आहे ना. नाहीतर छपाई दोनदा.

'फेअर'ला न्याय्य हा शब्द कागदावर ठीक, पण त्यातला जोडाक्षरांचा ढीग नोटीस बोर्डावर कोणी वाचणार नाही. आणि 'फेअर' तसाच ठेवलात तर लग्नाच्या जाहिरातीतली 'फेअर' मुलगी डोळ्यांपुढे येते. गोरेपणाच्या त्या प्रसिद्ध क्रीमच्या नावातलं 'फेअर' कंपनीने २०२० मध्ये काढून 'ग्लो' केलं, त्यालाही हीच पार्श्वभूमी होती. वंशभेदाविरुद्धच्या धोरणात गोरेपणाचा शब्द शोभत नाही. त्यापेक्षा रास्त घ्या. फारसीतून आलेला, पण रास्त भाव दुकानामुळे प्रत्येक शिधापत्रिकाधारकाच्या ओळखीचा. 'रास्त निवड', 'रास्त मूल्यमापन'. त्याच्या उलट काय ते वेगळं सांगावं लागत नाही: वशिला. तोही अरबीतून आला आणि इथलाच होऊन गेला.

बढती की पदोन्नती? पदोन्नती सरकारी आदेशांत शोभते, सेवाज्येष्ठता आणि बिंदुनामावलीच्या (म्हणजे आरक्षित जागांचा क्रम ठरवणाऱ्या तक्त्याच्या) शेजारी. खासगी कंपनीत बढती पुरे. आणि ज्याला ती मिळाली नाही त्याच्यासाठी 'दुर्लक्षित' वगैरे लिहू नका. मराठीत चोख क्रियापद आहे: डावलणे. तुमचं कलम असं करा: 'वंश, जात, रंग, धर्म, लिंग, जन्मस्थान किंवा मातृभाषा यांमुळे आपल्याला भरतीत किंवा बढतीत डावललं गेलं असं वाटत असल्यास लेखी तक्रार करा. तक्रारदाराचं नाव गुप्त राहील.' मातृभाषा मी माझ्या पदरची घातली आहे. मुलाखतीत इंग्रजी अडखळलं म्हणून मागे पडलेली गोंदिया-भंडाऱ्याची मुलं तुम्हीही पाहिली असतील. तक्रार कुणाकडे द्यायची ती खोली आणि मजला मात्र कलमातच लिहा, खालच्या बारीक अक्षरांत नको.