वाचक विचारतात : ५जी आलं, पण माझ्या फोनवर का नाही?

नोव्हेंबर-डिसेंबरात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक ५जीबद्दल होती. नेमके तेच प्रश्न निवडून जानेवारी २०२३च्या अंकात उत्तरं देत आहोत.

प्रश्न : फोनच्या खोक्यावर ५जी लिहिलंय, माय जिओ अ‍ॅपमध्ये वेलकम ऑफरही (५जी वापरून पाहण्याचं जिओचं निमंत्रण) दिसतेय. तरी वर ४जीच. शेजाऱ्यांचं एअरटेल मात्र अगदी तशाच फोनवर ५जी दाखवतं. सिम बदलून घेऊ का? (अंधेरी, मुंबई)

सिम बदलू नका, ४जीचं सिम चालतं. खरी गोम नेटवर्कच्या प्रकारात आहे. एअरटेलचं ५जी मुख्यतः नॉन-स्टँडअलोन आहे. त्यात फोन आधी ४जीशी जोडला जातो, मग डेटासाठी त्याला ५जीची जोड मिळते. जिओचं ५जी स्टँडअलोन आहे, ते ४जीच्या टेकूशिवाय चालतं. सुरुवातीच्या बऱ्याच ५जी फोनमध्ये स्टँडअलोनची क्षमता आहे, पण भारतातल्या नेटवर्कसाठी ती सॉफ्टवेअरमधून सुरू केलेली नव्हती. म्हणून आधी सॉफ्टवेअर अपडेट करा. आयफोन १२ आणि त्यापुढच्या मॉडेलना ही परवानगी डिसेंबर २०२२मध्ये आयओएस १६.२बरोबर मिळाली. त्याआधीची आवृत्ती असेल तर सेटिंग कितीही चाळा, उपयोग नाही.

अपडेटनंतर अँड्रॉइडमध्ये सिमच्या सेटिंगमधल्या ‘प्रेफर्ड नेटवर्क टाइप’मध्ये ५जी असलेला ऑटो पर्याय निवडा. आयफोनवर मोबाईल डेटाच्या ‘व्हॉइस अँड डेटा’मध्ये ‘५जी ऑटो’ निवडा आणि तिथेच खाली ‘५जी स्टँडअलोन’चं बटण असेल तर तेही सुरू करा. मग फोन बंद करून पुन्हा चालू करा. दोन सिम असतील तर डेटा जिओच्याच सिमवर ठेवा. जानेवारी २०२३मध्ये यासाठी रिचार्ज २३९ रुपयांचा किंवा वरचा लागत होता.

छुप्या मेनूतून ‘फक्त ५जी’ निवडण्याची युक्ती सध्या फिरतेय. तिच्या नादी लागू नका. कॉलसाठी बहुतेक फोन अजून ४जीच्या व्होल्टीवर, म्हणजे ४जीवरून बोलण्याच्या सोयीवर, उतरतात. ती वाट बंद केली की येणारे कॉल लागत नाहीत आणि दोष मात्र टॉवरला जातो.

नवा फोन घेत असाल तर ‘१२ बँड’, ‘१३ बँड’ या आकड्यांना भुलू नका (बँड म्हणजे रेडिओ लहरींचा पट्टा). दोन बँड पाहा. पहिला एन७८, म्हणजे ३,३०० मेगाहर्ट्झचा पट्टा, आजचा वेग मुख्यतः याच्यावर आहे. दुसरा एन२८, म्हणजे ७०० मेगाहर्ट्झ. हा २०२२च्या ५जी लहरींच्या लिलावात फक्त जिओने घेतला. जिओ वापरणार असाल तर माहितीपत्रकात ‘एसए’ (स्टँडअलोन) हेही लिहिलेलं हवं.

प्रश्न : गॅलरीत ५जी भन्नाट चालतं. आतल्या खोलीत चिन्ह ५जीचंच, पण वेग ४जीचा. शिवाय रोजचा दीड जीबी डेटा दुपारीच संपतो. (दादर, मुंबई)

३,३०० मेगाहर्ट्झच्या लहरी काँक्रीटच्या भिंतीत लवकर दमतात. त्यातही आधी तुटते ती परतीची वाट. टॉवरची ताकद मोठी, तर फोन साधारण ०.२ वॅटनेच प्रक्षेपण करतो. त्यामुळे टॉवर फोनला ऐकू येतो, फोन टॉवरला नाही. चिन्हावर विसंबू नका. नॉन-स्टँडअलोनमध्ये ‘इथे ५जी उपलब्ध आहे’ एवढी खूण ४जी टॉवरकडून मिळाली तरी काही फोन ५जी दाखवतात, डेटा मात्र ४जीवरूनच वाहत असतो.

डेटाचं गणित सोपं आहे. ३०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला ३०० मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून सेकंदाला ३७.५ एमबी. या वेगाने दीड जीबी ४० सेकंदांत संपतो. ४०० एमबीपीएसवर १५ सेकंदांची स्पीड टेस्ट एकटीच ७५० एमबी गिळते. मित्रांना वेग दाखवण्याचा मोह आवरा. व्हिडिओची गुणवत्ता ‘ऑटो’वरून ७२०पीवर आणा आणि अ‍ॅप अपडेट फक्त वायफायवर ठेवा.

प्रश्न : नागपुरात ऑक्टोबरातच ५जी आलं. सीताबर्डीवर मिळतं, सोनेगावला घरी नाही. फोन बिघडलाय का? (नागपूर)

सीताबर्डीवर मिळतं म्हणजे फोन ठीक आहे. घर विमानतळाला खेटून असेल तर कारण बहुधा तेच. दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२२मध्ये कंपन्यांना कळवलं, की धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून २.१ किलोमीटर आणि मध्यरेषेपासून ९१० मीटर एवढ्या भागात ३,३०० ते ३,६७० मेगाहर्ट्झची ५जी केंद्रं उभारू नयेत. विमानाची जमिनीपासूनची उंची मोजणारा रेडिओ अल्टिमीटर ४,२०० ते ४,४०० मेगाहर्ट्झवर चालतो. जुन्या उपकरणांचे फिल्टर कच्चे असल्याने शेजारचे जोरदार सिग्नल त्यात घुसण्याची भीती असते. सध्या ४जीवरच भागवा.

प्रश्न : ५जीमुळे बॅटरी लवकर उतरते का?

उतरते. नॉन-स्टँडअलोनमध्ये फोन ४जी आणि ५जी अशा दोन जोडण्या एकदम सांभाळतो. ५जी विरळ असेल तिथे त्याचा शोधही सतत चालू राहतो आणि फोन तापतो. अशा भागात, प्रवासात, सरळ ४जी निवडा.

प्रश्न : ‘तुमचं सिम ५जी करून देतो, ओटीपी सांगा’ असा फोन आला. खरा असतो का?

खोटा. ओटीपी गेला की तुमचा नंबर दुसऱ्या सिमवर वळवता येतो आणि बँकेचे ओटीपी तिकडे जातात. सांगून बसला असाल आणि फोनवर अचानक ‘नो सर्व्हिस’ आलं, तर दुसऱ्या फोनवरून आधी बँकेला खातं गोठवायला सांगा, मग कंपनीला सिम बंद करायला. पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लावा.