समुद्रकाठच्या शहरात लोकांना सोबत घेऊन प्लास्टिक कमी कसं करायचं?

तुम्ही रत्नागिरीहून विचारलंय की आम्ही किनारा साफ करतो, चार भरत्या गेल्या की पुन्हा तेवढंच प्लास्टिक येऊन पडतं आणि माणसं हळूहळू गळतात. तर मच्छीमार, दुकानदार, शाळा या सगळ्यांना एकत्र आणून हे मुळातच कमी कसं करायचं?

मी सोलापूरची, बचत गटात काम करते. समुद्र आमच्यापासून लांब, तरी प्लास्टिकची वाट तिकडेच जाते. आमच्या नाल्यांचं पाणी सीनेत, सीना हत्तरसंग कुडलला भीमेत, भीमा रायचूरकडे कृष्णेत आणि कृष्णा आंध्रात हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागरात. पण मध्ये श्रीशैलम, नागार्जुनसागरसारखी धरणं आहेत. आमची पिशवी बहुतेक वेळा कुठल्यातरी गाळात नाहीतर काठच्या बाभळीला अडकून राहते. तुमच्याकडे अडवायला मधे काहीच नाही. पऱ्या, म्हणजे तुमच्याकडचा ओढा, भरून वाहिला की कचरा थेट खाडीत. म्हणून माझं पहिलं सांगणं हेच, की किनाऱ्यावर येणाऱ्या माणसांपैकी निम्मी बाजारात, पऱ्यांवर आणि भंगारवाल्याकडे वळवा.

त्यातही भंगारवाल्याकडे सगळ्यात आधी जा. लोक त्याला बैठकीला बोलावतच नाहीत, आणि प्लास्टिकचं खरं गणित त्यालाच माहीत असतं. आम्ही गटातल्या बायका एक अख्खी दुपार त्याच्या दुकानात बसून राहिलो. पाण्याची बाटली, तेलाचा कॅन, दुधाची पिशवी, फुटकी बादली तो घेतो. वेफर्सचं पाकीट, शाम्पूची पुडी, मातीत मळलेली कॅरीबॅग घेत नाही. वेफर्सच्या पाकिटात वेगवेगळ्या प्लास्टिकचे आणि बहुतेकदा ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते सुटे करणं परवडत नाही. आता तुमच्या किनाऱ्यावर गोळा केलेलं एक पोतं ओतून बघा. ज्याला भाव नाही तेच त्यात जास्त दिसेल, कारण भाव असलेलं कचरावेचकांनी आधीच उचललेलं असतं. या माणसांना ओळखपत्र, हातमोजे आणि माल निवडायला सावलीची जागा मिळाली तरी फार मोठं काम होतं. पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांचीच सहकारी संस्था घरोघरचा कचरा उचलते, ती पद्धत जरूर समजून घ्या.

घराघरात सांगायची एक बारीकशी गोष्ट. दुधाची पिशवी कापताना कोपरा तोडून टाकायचा नाही, नुसती चीर द्यायची. पिशवी धुऊन वाळवून भंगारात जाते, पण तो नखाएवढा तुकडा कुणी गोळा करत नाही. तो मोरीतून गटारात जातो. आमच्या गल्लीत हे एकदा करून दाखवलं आणि लगेच रुळलं, कारण त्यात कुणाला जास्तीचं काही करावं लागत नाही.

पिशव्यांचं काम मात्र चिकाटीचं आहे. महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी २०१८ मध्ये आली, देशभरात एकदाच वापरून फेकायच्या बऱ्याच वस्तू १ जुलै २०२२ पासून बंद झाल्या. तरी भाजीवाली गुपचूप पिशवी काढून देते, कारण तिनं नाही दिली तर गिऱ्हाईक शेजारच्या पाटीवर जातं. एकटीनं बंद करणं तिला परवडणारं नाही. म्हणून एकेका दुकानदाराला न पटवता अख्ख्या ओळीला एकाच दिवशी पिशव्या बंद करायला तयार करायचं. आमच्याकडे यंत्रमागावरचं कापड, चादरी-टॉवेलचा सेकंड माल मुबलक, घरोघरी शिवणयंत्रं. पिशवी शिवून ओळीतल्या सगळ्यांकडे ठेवली: दहा रुपये ठेवा, पिशवी न्या, परत आणा, पैसे घ्या. तुमच्याकडे हे काम एखादा महिला गट सहज उचलेल.

कापडी म्हणून विकल्या जाणाऱ्या रंगीत पिशव्यांपासून सावध राहा. त्यातल्या बऱ्याच नॉनवोव्हन असतात, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्याच. मागावर काम केलेला कुणीही माणूस धागा जाळून सांगेल: सुती धागा कागदासारखा जळतो, मऊ राख होते, नॉनवोव्हनचा धागा वितळून आकसतो आणि त्याची कडक गोळी होते. ही परीक्षा बाजारात सगळ्यांसमोर करून दाखवा, भाषणापेक्षा लवकर पटते.

काही ठिकाणी प्लास्टिकला पर्याय खरंच अवघड असतो. आमची शेंगाचटणी घ्या. तेल सुटतं, कागद तासाभरात ओला होतो. तिथे दुकानदाराशी भांडण्यात अर्थ नाही. डबा घेऊन येणाऱ्याला त्यानं चमचाभर चटणी जास्त घातली, की डबे आपोआप येतात. तुमच्याकडे मासळीचं तेच असणार. मासे घ्यायला डबा आणणाऱ्याला कोळणीकडून वाट्यावर एखादा मासा जास्त मिळायला लागला, तर बघा काय होतं ते.

मच्छीमारांना किनारा साफ करायला बोलावण्यापेक्षा त्यांच्या होडीवर काम द्या. केरळात कोल्लमच्या नीण्डकरा-शक्तिकुळंगरा बंदरांत २०१७ पासून ‘शुचित्व सागरम्’ सुरू झालं. जाळ्यात मासळीबरोबर येणारं प्लास्टिक पूर्वी परत समुद्रात टाकलं जायचं. मग होड्यांवर पोती दिली, बंदरात ते धुऊन, निवडून, बारीक करायचं काम बायकांना दिलं आणि तो भुगा रस्त्याच्या डांबरात वापरायला गेला. यात होडीमालकांची संघटना आणि सरकारी खाती दोघंही होती, म्हणून ते उभं राहिलं. तुमच्या मिरकरवाडा बंदरात हा विषय काढायचा तर जून-जुलैच्या मासेमारीबंदीत काढा. होड्या ओढून ठेवलेल्या असतात, माणसं जाळी विणत बसलेली असतात, बोलायला वेळ असतो.

पऱ्यांचं काम त्याआधी, मे महिन्यातच. शहरातून खाडीला मिळणाऱ्या मोठ्या पऱ्यांवर जाळी बसवा आणि प्रत्येक जाळीची जबाबदारी त्याच वाडीतल्या चार माणसांकडे, नावानिशी. कोकणातल्या पावसात तुंबलेली जाळी वेळेवर साफ झाली नाही तर पाणी घरात शिरतं, आणि मग लोक जाळीच उखडून टाकतील. ज्याचं घर पऱ्याला लागून आहे, तो माणूस त्या चारांत हवाच.

ज्याला भाव नाही ते प्लास्टिक शेवटी नगरपरिषदेनंच उचललं पाहिजे, ते लोकवर्गणीनं होणारं काम नाही. त्यासाठी लांब जायला नको, वेंगुर्ल्याला जा. तिथल्या नगरपरिषदेनं, रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना, कचरा घरातूनच वेगळा घ्यायला सुरुवात केली, डंपिंग ग्राउंडचं रूप पालटलं आणि प्लास्टिक बारीक करून रस्त्यांना वापरलं. जाताना तुमच्या प्रभागातला एक नगरसेवक, आरोग्य विभागातला एक माणूस आणि तुमचा भंगारवाला, तिघांना एकाच गाडीत घेऊन जा. परत आल्यावर नगरपरिषदेकडे तीनच गोष्टी लेखी मागा: निवडायला शेड, वजनकाटा आणि न विकलं जाणारं प्लास्टिक उचलायचा ठरलेला वार.