विचार करायचाच नाही म्हटलं की...

प्रश्न : धाकट्या बहिणीशी फोनवर कडाक्याचं वाजलं. ‘तुला नेहमी तुझंच खरं करायचं असतं,’ म्हणून तिनं फोन ठेवला. दिवसभर ठरवते, हा विषय डोक्यात आणायचाच नाही. रात्री आडवी झाले की तेच वाक्य सुरू. काय करू?

उत्तर : ते ‘आणायचाच नाही’च तुम्हाला महागात पडतंय. डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये काही जणांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. आलाच तर घंटी वाजवा. घंटी वाजतच राहिली. विचार आला नाही ना, हे तपासायला मनाला तोच विचार हुडकावा लागतो. रात्री दमलेलं मन अडवायचं सोडतं, हुडकणं मात्र चालूच.

तेव्हा संध्याकाळीच वही घ्या, तिचं वाक्य जसंच्या तसं उतरवा. खाली लिहा, नेमकं काय लागलं? ‘राग आला’वर थांबू नका. रागामागे बरेचदा अपमान असतो, नाहीतर ती दुरावेल ही धास्ती. (दीर्घ श्वासाचे सल्ले तुम्हाला भरपूर मिळाले असतील, ते राहू द्या.)

मग फोन करा. ‘असं का बोललीस?’ने सुरुवात नको. ‘ते फार लागलं गं. तुला कशावरून तसं वाटलं?’ एवढंच विचारा आणि तिचं संपेपर्यंत मधे बोलू नका. अवघड जाईल, तिचा आरोपच तो आहे!