पहिल्या पावसात रान सगळं पाणी पितं, मग नंतर तेवढ्याच पावसात लगेच पाणी का वाहायला लागतं?

जमीन भरली म्हणून वाहतं असं सगळे सांगतील, ते अर्धंच खरं. दुसरं म्हणजे पाऊस रानाचा वरचा थरच बदलून टाकतो. मोठा थेंब पाचेक मिलिमीटरचा, सेकंदाला नऊ मीटरच्या आसपास वेगानं आदळतो, ढेकळं विरघळतात, बारीक माती भोकांत बसते आणि वर पापुद्रा धरतो. ज्या खळग्यांत पाणी थांबून मुरायचं ते बुजतात. ढेकळं-खळग्यांची सगळ्यात जास्त झीज पहिल्या एक-दोन दणक्यांतच होते, म्हणून तुम्हाला फरक एवढा दिसतो.

आमचं रान बार्शीकडं, मध्यम काळं, उताराचं. वर चुलतभावाचं, खाली माझं. या चुलत दादानं एका वर्षी रोट्यावर रोटा (ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर) मारून मातीचा पार मैदा केला, बाजरी धूळपेर केली, म्हणजे पावसाआधीच कोरड्यात पेरली, आणि माझ्याकडं नुसत्या वखराच्या पाळीची ढेकळं होती म्हणून गावभर हसला. मृगाचा पहिलाच पाऊस असा झाला की त्याचं रान गुळगुळीत, प्रत्येक बारक्या खड्याखाली तेवढा मातीचा खुंट उभा आणि भोवतीची माती गायब. ऊन पडल्यावर नखानं पापुद्रा उचलला तर खाली कोंब वाकडे होऊन अडकलेले. त्याचं सगळं पाणी माझ्या बांधावर आलं, बांध फुटला, तर म्हणे तुझ्या ढेकळांनी पाणी तुंबवलं! अरे, माझ्यात तुंबलं असतं तर मुरलं असतं ना.



तुम्ही उताराला आडवी वखरणी-पेरणी करा, धसकटं (मागच्या पिकाचे बुडखे) वेचून जाळत बसू नका, पापुद्रा धरला की वाफशावर, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी झाली की, दोन ओळींतून कोळपं घाला. रोटा मारायचाच तर एकदाच, आणि ट्रॅक्टरवाल्याला जरा पळता मार म्हणा, माती जाड राहते.

हां, भारी काळ्या सपाट रानात हे जसंच्या तसं करू नका, तिथं भेगा मिटल्या की पाणी फारसं मुरतच नाही, आधी निचरा बघा. आणि बाजरीसारख्या बारीक बियाला मोठी ढेकळं चालत नाहीत, एवढं दादाचं बरोबर होतं. बांध मात्र त्याच्याच पाण्यानं फुटला.