बी-२७५ ट्रॅक्टरचे हेडलाइट रात्री मंद पडतात, डायनामो काढून अल्टरनेटर आणि एलईडी बसवावेत का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांचा १९७४ चा बी-२७५ आहे, हेडलाइट पिवळे मिणमिणतात आणि इलेक्ट्रिशियन म्हणतो डायनामो (इंजिनावर फिरून वीज बनवणारं जुन्या पद्धतीचं यंत्र) भंगारात टाका आणि अल्टरनेटर (त्याच कामाचं आजचं यंत्र) बसवा. टाकू नका. मल्टिमीटर लावल्याशिवाय तर अजिबात नाही. हेच वाक्य मी आमच्या घरात पंधरा वर्षं बोलतोय, म्हणून तुमचा प्रश्न बघितल्यावर राहवलं नाही.

आमचाही बी-२७५ आहे, आजोबांनी १९७१ साली नंबर लावून घेतलेला. मूळ इंग्लंडचा हा ट्रॅक्टर १९६५ पासून मुंबईत कांदिवलीला बनू लागला, आणि त्या काळी पैसे असले तरी वाट बघावी लागायची. इंजिन दणकट आहे, आजही आहे. पण डिझेल इंजिनाला फिरत राहायला वीज लागत नाही, आणि आमच्याकडचा सगळा घोळ तिथूनच सुरू झाला. बॅटरी उतरली तरी अडत नाही, उतारावर लावायचा, गिअरमध्ये टाकून क्लच सोडला की चालू. बंद करायला नॉब ओढायचा. त्यामुळे वायरिंगकडे चाळीस वर्षं कुणी वळून बघितलं नाही. लाइट मंद झाले की "डायनामो म्हातारा झाला" एवढं म्हणून मोकळं व्हायचं.

थोरले बंधू, अण्णा, गळीत हंगामात त्याच ट्रॅक्टरवर ऊस ओढायचे. त्यांचं म्हणणं ठाम होतं: डायनामोला दोन हेडलाइटच झेपत नाहीत, मागचे लाल दिवे कुठून पेटवायचे? म्हणून ट्रॉलीचे बल्बच काढून ठेवलेले. मी तेव्हाही बोललो होतो. "रात्री चालवतो मी, तू नाही," असं उत्तर मिळालं.

२००९ च्या जानेवारीत भरलेल्या ट्रॉलीचा टायर चढाला बसला. रस्त्याच्या कडेला, धुक्यात, मागे एकही दिवा नाही. आमच्याच शेजारचा मुलगा मोटरसायकलवरून आला आणि उसाच्या मोळ्यांत घुसला. मांडीचं हाड मोडलं. जीव वाचला, पण वर्षभर काठी होती हातात. त्याला जीपमध्ये घालून मी नेला. त्याच्या आईसमोर उभं राहून काय बोलावं, ते मला आजही सुचत नाही.

आता हिशोब बघा. मागचे दोन बल्ब पाच-पाच वॅटचे, म्हणजे दोन्ही मिळून एक अँपिअरसुद्धा नाही. ट्रॅक्टर बंद होता, म्हणजे डायनामो फिरतच नव्हता, त्याचा संबंधच नाही. धडधाकट बॅटरी रात्रभर ते दिवे ओढते. दोन हेडलाइट ४५ वॅटचे धरले आणि मागचे दोन मिळवले, तर शंभर वॅट होतात, बारा व्होल्टवर जेमतेम सव्वाआठ अँपिअर. त्या काळच्या ट्रॅक्टरवरचे ल्यूकस पद्धतीचे लहान डायनामो अकरा अँपिअरच्या आसपास देतात. झेपत नाही कसं म्हणता?

अण्णांना ते पटलं नाही, पण अपघात त्यांनाही लागला होता. त्यांनी तालुक्याहून एक इलेक्ट्रिशियन आणून अल्टरनेटर बसवायला घेतला. आमच्या ट्रॅक्टरला बॅटरीच्या प्लसची वायर चासीला होती, म्हणजे पॉझिटिव्ह अर्थ. इंग्लिश घराण्याच्या जुन्या ट्रॅक्टरांत हे बऱ्याचदा सापडतं. त्या गृहस्थाने ते बघितलंच नाही. आजचे अल्टरनेटर मायनस चासीला धरून बनवलेले असतात. शेवटची वायर टेकली आणि धूर निघाला, आतले डायोड (करंट एकाच दिशेने सोडणारे) जागेवर गेले. मग बॅटरीची जोडणी उलटी करून, म्हणजे मायनस चासीला घेऊन, दुसरा अल्टरनेटर लावला. सेल्फला फरक पडला नाही, तो दोन्हीकडून तसाच फिरतो. अ‍ॅमीटर मात्र उलटा दाखवायला लागला, त्याच्या दोन वायरी अदलाबदल कराव्या लागल्या. बॅटरीवर चौदा व्होल्ट यायला लागले.

आणि लाइट? तसेच पिवळे.

दुसऱ्या दिवशी मी मल्टिमीटर घेऊन बसलो. बॅटरीवर चौदा, बल्बच्या टोकांवर नऊ पॉइंट आठ. एक प्रोब बॅटरीच्या मायनसला आणि दुसरा हेडलाइटच्या पत्र्याला लावला तर अडीच व्होल्टच्या वर आकडा. तिथे अर्ध्या व्होल्टच्या आत यायला हवा. करंट परत येण्याचा रस्ता गंजलेल्या बोल्टमधून आणि तीन थर रंगाच्या खालून जात होता. उरलेले व्होल्ट लाइटच्या स्विचमध्ये आणि टेप गुंडाळलेल्या जोडांत जिरत होते. साध्या बल्बला पाव व्होल्टेज कमी मिळालं की उजेड पावाने नाही, निम्म्याहून खाली येतो.

मी प्रत्येक दिव्याला वेगळी अर्थची वायर ओढली, २.५ स्क्वेअरची, थेट गिअरबॉक्सवर, रंग खरवडून. हेडलाइटला रिले (स्विचच्या इशाऱ्यावर बॅटरीचा करंट थेट दिव्याला सोडणारा) दिला, म्हणजे स्विचवरचा भार गेला. आणि मग हट्टाने अल्टरनेटर उतरवून डायनामो परत चढवला. पहिल्यांदा चार्जिंग दाखवेना, कारण अर्थ बदलल्यावर डायनामोचं चुंबकत्वही बदलावं लागतं. इंजिन बंद ठेवून, डायनामोच्या दोन्ही वायरी काढून, बॅटरीच्या प्लसची वायर फील्डच्या लहान टर्मिनलला दोन-तीनदा क्षणभर टेकवली. वायरी परत लावल्या, इंजिन चालू केलं आणि काटा हलला. त्या रात्री बांधावरून पलीकडच्या वस्तीचा पत्रा दिसत होता.

अण्णा आजही म्हणतात की नवीन बल्बमुळे झालं. बल्ब तेच होते, अण्णा. मी मुद्दाम बदलले नव्हते.

तर तुमच्यासाठी. आधी ट्रॉली जोडून मागचे दिवे लागतात का बघा, हेडलाइट नंतर. मग वर सांगितलं तसं अर्थ मोजा, दिवे चालू ठेवून; फक्त पहिला प्रोब बॅटरीच्या ज्या टोकाची वायर चासीला आहे त्याला लावा, आमच्याकडे तेव्हा ते मायनस होतं. मग इंजिन थोडं वाढवून बॅटरीवर मोजा. साडेतेराच्या वर गेलं तर डायनामोला दोष देऊ नका. नाही गेलं तर बेल्ट, ब्रश, काळा पडलेला कम्युटेटर (ब्रश ज्याच्यावर घासतात तो तांब्याचा भाग) आणि कटआउटचे (डायनामो बॅटरीला जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचे) पॉइंट, या क्रमाने. इंजिन अगदी हळू असताना डायनामो चार्ज करत नाही, ते त्याचं दुखणं नाही, तो तसाच असतो.

एलईडी लावा, पण मागे आधी. त्यात प्लस-मायनस असतं, उलटं जोडलं तर लागणार नाही. ज्याचं मायनस त्याच्या पत्र्यालाच जोडलेलं असतं, असा दिवा पॉझिटिव्ह अर्थच्या ट्रॅक्टरवर बोल्टने कसू नका. डायनामोच्या जुन्या कटआउटवर हलके एलईडी लवकर जातात, ते धरून चाला.

एक मात्र कबूल करतो. रात्र-रात्र रोटर मारायचा असेल आणि पुढे-मागे शंभर वॅटचे चार हॅलोजन हवे असतील, तर तेहतीस अँपिअर लागतात. तिथे डायनामो पुरणारच नाही, अल्टरनेटर घ्या. पण बॅटरीची कुठली वायर चासीला आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघून मगच. काम सुरू करताना चासीची वायर पहिली काढा आणि सगळं झाल्यावर तीच शेवटी लावा.