निकाल माहीत नसताना लिहायला घेतलेली पुस्तकं

तुमचे प्रश्न तीन आहेत. दर आठवड्याला फुटबॉल बघता, हौसेने दोन मोठ्या खेळाडूंची आत्मचरित्रं घेतलीत आणि दोन्ही अर्ध्यावर सोडलीत, तर वाचण्यासारखं नेमकं काय आहे? दुसऱ्या सांघिक खेळांचे नियम माहीत नसले तरी त्यांच्यावरची पुस्तकं कळतील का? आणि फुटबॉलवेड्या पंधरा वर्षांच्या भाच्याला कोणतं पुस्तक द्यावं?

आत्मचरित्रं सोडलीत ते बरंच केलंत. बहुतेकांचं शब्दांकन दुसऱ्याच कोणीतरी केलेलं असतं. खेळाडू अजून मैदानात असतो, त्यामुळे ड्रेसिंग रूममधलं खरं काही सांगायची सोय नसते. पण त्याहून मोठी अडचण अशी की लिहायला बसताना शेवट माहीत असतो. कप जिंकून झालेला असतो. मग आधीचा प्रत्येक पराभव ‘यशाची पायरी’ होऊन येतो, प्रत्येक दुखापत ‘बरंच काही शिकवून’ जाते. आपण सामना असा बघतच नाही. 89व्या मिनिटाला 1-1 असताना पोटात जो गोळा येतो, तो पुढचं माहीत नसल्यामुळेच येतो.

म्हणून खेळावरचं पुस्तक निवडताना मी एकच गोष्ट आधी बघतो: लेखकाने कामाला सुरुवात केली तेव्हा निकाल त्याला ठाऊक होता का? नसेल, तर पुस्तक बिनधास्त घ्या. एखादा माणूस हंगामाच्या पहिल्या दिवशी वही घेऊन संघाबरोबर जातो आणि पुढे जे होईल ते लिहितो, या प्रकाराला तोड नाही.

पहिलं नाव एमन डन्फी यांच्या ‘ओन्ली अ गेम?’चं. डन्फी मिलवॉलकडून खेळायचे, मिलवॉल तेव्हा इंग्लंडच्या दुसऱ्या डिव्हिजनमध्ये होता. 1973-74च्या हंगामात त्यांनी डायरी ठेवायचं ठरवलं. सुरुवातीला सगळं छान. हा मोसम आपला, यंदा वर चढायचंच, अशी भाषा. मग संघ अडखळतो आणि शरद ऋतू येईपर्यंत डन्फींचीच संघातली जागा जाते. या पुस्तकातली सर्वांत धाडसी पानं बेंचवरची आहेत. बाहेर बसलेल्या खेळाडूला आपला संघ हरावा असं वाटतं, कारण संघ जिंकत राहिला तर आपल्याला परत बोलावणार कोण? गोल झाला की तोही टाळ्या वाजवतो, पण आतून खचतो. हे सगळं ते स्वतःबद्दल लिहितात, त्याच आठवड्यात लिहितात. तीस वर्षांनी लिहिलं असतं तर ही भावना नक्की गाळली गेली असती. मला विचाराल तर व्यावसायिक खेळाडूच्या मनाबद्दल यापेक्षा खरं पुस्तक मी वाचलेलं नाही. हे वाचल्यानंतर टीव्हीवर बदली खेळाडू वॉर्म-अप करताना दिसले की नजर त्यांच्यावरच जाते.

दुसरं, जो मॅकगिनिस यांचं ‘द मिरॅकल ऑफ कास्तेल दि सांग्रो’. इटलीच्या अब्रुत्सो भागातलं जेमतेम पाच हजार वस्तीचं डोंगराळ गाव. त्याचा संघ चढत चढत 1996 साली सेरी बीमध्ये, म्हणजे देशातल्या दुसऱ्या पातळीवर पोचतो. मॅकगिनिस हे अमेरिकन पत्रकार, फुटबॉलचं वेड त्यांना उशिरा लागलेलं, पण लागलं ते नवीन भक्ताच्या तीव्रतेने. ते अख्खा 1996-97चा हंगाम त्या गावात जाऊन राहिले. त्यांना हवी होती चिमुकल्या संघाची गोड गोष्ट. पदरात पडलं ते वेगळंच. हंगामाच्या मध्यावर संघातले दोन खेळाडू मोटार अपघातात गेले. आणि शेवटच्या सामन्याबद्दल त्यांनी जे आरोप केलेत, ते वाचून ज्या खेळाडूंवर आपण तीनशे पानं जीव लावलेला असतो त्यांच्याकडे बघण्याची दृष्टीच पालटते. तपशील सांगून मजा घालवत नाही. मॅकगिनिस कोचला डावपेचांचे सल्ले देत सुटतात, त्याचा मधेमधे कंटाळा येतो. तरी पुढे वाचा.

या प्रकारातलं माझ्या मते सर्वश्रेष्ठ पुस्तक मात्र आपल्या फुटबॉलचं नाहीच, अमेरिकन फुटबॉलचं आहे. एच. जी. बिसिंजर यांचं ‘फ्रायडे नाइट लाइट्स’, 1990 साली आलेलं. टेक्सासमधलं ओडेसा हे तेलाच्या विहिरींवर जगणारं शहर, तेलाचे भाव पडल्यामुळे मंदावलेलं. तिथल्या पर्मियन हायस्कूलच्या संघाचा 1988चा हंगाम बिसिंजर यांनी जवळून पाहिला, त्यासाठी कुटुंबासकट तिथे मुक्काम हलवला. शाळेच्या मुलांची मॅच, पण स्टेडियमची क्षमता वीस हजारांच्या आसपास. बूबी माइल्स हा संघातला सगळ्यात गुणवान मुलगा, मोठमोठी विद्यापीठं त्याच्या मागे लागलेली. हंगाम सुरू व्हायच्या आधीच्या सराव सामन्यात त्याचा गुडघा जातो. त्यानंतर आजूबाजूचे लोक त्याच्याबद्दल कसं बोलायला लागतात ते बिसिंजर काहीही न सजवता मांडतात, आणि ते वाचताना अंगावर काटा येतो. संघ एका गुणाने हरतो तर कोच घरी पोचेपर्यंत त्याच्या अंगणात ‘घर विकणे आहे’च्या पाट्या रोवलेल्या. पुढे तीन संघ बरोबरीत सुटतात आणि त्यातले दोन कोणते पुढे जाणार हे मध्यरात्री एका ट्रक-थांब्यावर नाणी उडवून ठरवतात, तेही टीव्हीवर थेट दाखवून. कादंबरीत हा प्रसंग घातला असता तर संपादकाने काढून टाका म्हटलं असतं. शहराला हे पुस्तक अजिबात रुचलं नाही. बिसिंजरना धमक्या आल्या.

यात तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही आलं. नियम फारसे लागत नाहीत. अमेरिकन फुटबॉलसाठी एवढं पुरे: चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्याकडे. बेसबॉलसाठी: तीन स्ट्राइक झाले की फलंदाज बाद, आणि गोलंदाजाने चार चेंडू बाहेर टाकले तर फलंदाजाला पहिला बेस, म्हणजे धावण्यातला पहिला टप्पा, फुकट. एवढ्या शिदोरीवर मायकल लुइस यांचं ‘मनीबॉल’ (2003) आरामात वाचता येतं. ओकलंडच्या संघाकडे पैसा कमी, म्हणून त्यांचा व्यवस्थापक बिली बीन बाजाराने स्वस्तात ठेवलेले खेळाडू शोधतो. कोणाचे फटके देखणे आहेत ते तो बघत नाही, कोण कसाही करून बेसवर पोचतो ते बघतो. लुइस 2002च्या हंगामात संघाच्या आत वावरत होते, आणि त्याच हंगामात ओकलंडने सलग 20 सामने जिंकले. 

आकड्यांचं हे वेड फुटबॉलमध्ये कसं आलं ते समजून घ्यायचं तर सायमन कूपर आणि स्टीफन शिमान्स्की यांचं ‘सॉकरनॉमिक्स’ बघा. त्यांनी 1978 ते 1997 या काळातले 40 इंग्लिश क्लब तपासले. लीगमधल्या स्थानातला 92 टक्के फरक खेळाडूंच्या पगारावरच्या खर्चाने समजावता आला, ट्रान्सफरवरच्या, म्हणजे दुसऱ्या क्लबांकडून खेळाडू विकत घेण्याच्या, खर्चाने फक्त 16 टक्के. ट्रान्सफर विंडोच्या शेवटच्या दिवशी जो गदारोळ चालतो तो बघताना हे दोन आकडे डोक्यात ठेवा. पुस्तकातली सगळी अनुमानं मला पटत नाहीत, काही घाईची वाटतात. पण वाद घालायला चांगलं पुस्तक आहे, आणि चाहत्याला तेही हवंच असतं.

डावपेचांवर एकच पुस्तक घ्यायचं तर जोनाथन विल्सन यांचं ‘इन्व्हर्टिंग द पिरॅमिड’, पहिली आवृत्ती 2008ची. वाढवलेल्या आवृत्त्या नंतर निघाल्या आहेत, मिळाली तर त्यातली घ्या. सुरुवात 1872च्या स्कॉटलंड-इंग्लंड सामन्याजवळ होते, तो पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना. इंग्लंडचे सात जण आक्रमणात, स्कॉटलंडचे सहा, आणि निकाल 0-0! कारण इंग्लंडची पद्धत चेंडू पायात घेऊन एकट्याने पळत सुटण्याची. अंगाने हलके असलेले स्कॉटिश खेळाडू एकमेकांना पास द्यायला लागले आणि खेळाचं रूपच बदललं. असाच दुसरा टप्पा 1925चा. तोपर्यंत ऑफसाइड न होण्यासाठी पुढच्या खेळाडूसमोर प्रतिस्पर्ध्याचे तिघे असावे लागत, ते दोघांवर आणलं. एका हंगामात इंग्लिश लीगमधले एकूण गोल 4700 वरून 6373 झाले. मग बचावाला उत्तर शोधणं भाग पडलं, आणि आर्सेनलचे हर्बर्ट चॅपमन यांनी मधल्या फळीतला एक माणूस मागे खेचला. नियमातला एक शब्द बदलला की अकरा माणसांच्या उभं राहण्याची सगळी मांडणी कशी हलते, हे या पुस्तकात पानोपानी दिसतं. सलग वाचू नका, जड जाईल. 1953 साली हंगेरीने वेम्बलीवर इंग्लंडला 6-3 हरवलं त्यावरचं प्रकरण आधी वाचा, सोबत त्या सामन्याची जुनी चित्रफीत बघा. हंगेरीचा नांदोर हिदेगकुती कागदावर सेंटर फॉरवर्ड, म्हणजे सगळ्यांत पुढचा आक्रमक, पण उभा राहतो बराच मागे. त्याच्यामागे जायचं की जागा धरून थांबायचं, हे इंग्लंडच्या सेंटर हाफला, म्हणजे मधल्या बचावपटूला, शेवटपर्यंत ठरवता येत नाही.

चाहत्याने चाहत्याबद्दल लिहिलेलं म्हणजे निक हॉर्नबी यांचं ‘फीव्हर पिच’ (1992). याची ख्याती तुमच्या कानावर आली असेलच. अकरा वर्षांचा मुलगा, आईवडील वेगळे झालेले, वडिलांना भेटल्यावर काय बोलायचं हा प्रश्न, म्हणून 1968 साली ते त्याला हायबरीवर आर्सेनलचा सामना दाखवायला नेतात. मुलाच्या मनात ठसतो तो खेळ नाही, आजूबाजूच्या पुरुषांचा वैताग. पैसे मोजून ही माणसं इतका त्रास का करून घेतायत, या आश्चर्यातून त्याचं आयुष्यभराचं प्रेम सुरू होतं. प्रत्येक प्रकरणाला एका सामन्याचं नाव आणि तारीख आहे. सर्वोच्च क्षण 26 मे 1989चा: लीगचा शेवटचा सामना, अ‍ॅनफिल्डवर लिव्हरपूलला दोन गोलांच्या फरकाने हरवलं तरच विजेतेपद, आणि आर्सेनलचा दुसरा गोल मायकल थॉमसने केला तो भरपाई वेळेत. निकाल माहीत असूनही ते पान वाचताना श्वास रोखला जातो, कारण तोपर्यंत आपण हॉर्नबींच्या बरोबरीने कितीतरी वर्षं हरलेलो असतो.

एदुआर्दो गालेआनो यांचं ‘सॉकर इन सन अँड शॅडो’ सगळ्यांत आधी वाचलंत तरी चालेल. उरुग्वेच्या या लेखकाने एकेक-दोनदोन पानांचे तुकडे लिहिलेत: गोलकीपरवर, पंचावर, चेंडूवर, 1950च्या विश्वचषकात उरुग्वेने ब्राझीलला हरवलं त्या माराकानातल्या सामन्यावर. अभ्यास म्हणून बघाल तर विल्सन यांच्यासमोर ते टिकणार नाही. पण कोणत्या संघाने केली याची पर्वा न करता सुंदर चाल बघायला तरसलेला माणूस इतक्या थोड्या शब्दांत दुसऱ्या कोणी पकडलेला नाही. डेव्हिड गोल्डब्लाट यांचं ‘द बॉल इज राउंड’ हा सगळ्या जगाच्या फुटबॉलचा इतिहास, नऊशेच्या आसपास पानं. तो हाताशी ठेवायचा, विश्वचषकाच्या वेळी देश बघून प्रकरण उघडायचं.

महिलांच्या फुटबॉलवर सुझॅन रॅक यांचं ‘अ वुमन्स गेम’ (2022) घ्या. 1920च्या नाताळानंतरच्या दिवशी गुडिसन पार्कवर डिक, कर लेडीज या संघाचा सामना बघायला 53,000 लोक आले होते. वर्षभराच्या आत, डिसेंबर 1921मध्ये, इंग्लिश एफएने, म्हणजे तिथल्या फुटबॉल संघटनेने, आपल्या क्लबांच्या मैदानांवर बायकांना खेळायला बंदी घातली आणि ती जवळपास पन्नास वर्षं टिकली. हे वाचून राग आला नाही तर मला नवल वाटेल.

तुमच्यासारख्या फुटबॉलप्रेमींकडून आणखी दोन खेळांची पुस्तकं हमखास सुटतात. केन ड्रायडन हे आइस हॉकीचे गोलकीपर, माँट्रियल कॅनेडियन्सचे. वकिलीही शिकलेले. त्यांचं ‘द गेम’ (1983) त्यांच्या अखेरच्या, 1978-79च्या हंगामातल्या मोजक्या दिवसांवर आहे. बलाढ्य संघाच्या गोलकीपरला बराच वेळ कामच नसतं, आणि मग अचानक एका क्षणावर सगळा सामना येऊन थांबतो. ते वाट बघणं त्यांनी जसं लिहिलंय, ते कोणत्याही खेळातल्या गोलकीपरला लागू पडेल. दुसरं, सी. एल. आर. जेम्स यांचं ‘बियाँड अ बाउंडरी’ (1963). त्रिनिदादमध्ये कोणत्या क्रिकेट क्लबात कोणी जायचं हे कातडीच्या रंगावर ठरायचं. तरुण जेम्सनी आपल्यासारख्या काळ्या मध्यमवर्गीयांचा शॅनन सोडून उजळ वर्णाच्या लोकांचा मेपल क्लब निवडला, आणि पुढे त्या निवडीची स्वतःच कठोर झडती घेतली. क्लब आणि जात, वर्ग, रंग यांची गाठ समजायला मला तरी यापेक्षा चांगलं पुस्तक माहीत नाही.

रोनाल्ड रेंग यांचं ‘अ लाइफ टू शॉर्ट’ हे जर्मन गोलकीपर रॉबर्ट एन्के यांच्यावरचं. 2009 साली नैराश्यातून त्यांनी आयुष्य संपवलं. रेंग त्यांचे मित्र होते, लिहिलंय फार जपून आणि प्रेमाने. मन ठीक असेल तेव्हाच वाचा, आणि भाच्याला आत्ता देऊ नका.

भाच्यासाठी डॅनियल जेम्स ब्राउन यांचं ‘द बॉइज इन द बोट’. वॉशिंग्टन विद्यापीठाची आठ वल्हेकऱ्यांची नाव, 1936चं बर्लिन ऑलिम्पिक. घरच्यांनी लहानपणीच वाऱ्यावर सोडलेला जो रँट्झ हा मुलगा नावेतल्या बाकीच्या सात जणांवर विसंबायला कसा शिकतो, त्याची ही गोष्ट. निकाल माहीत नसण्याची माझी कसोटी इथे लागू पडत नाही, पुस्तक कितीतरी दशकांनी लिहिलेलं आहे. तरी चालतं, कारण वल्हवणारे आठही जण पाठमोरे बसलेले असतात, पुढचं फक्त सुकाणूवाल्याला दिसतं. अंतिम शर्यतीत पहिल्या तिन्ही नावा एका सेकंदाच्या आत पोचल्या. या पुस्तकाची किशोरांसाठी वेगळी, आटोपशीर आवृत्तीही आहे. भाचा इंग्रजी सराईतपणे वाचत असेल तर मूळच द्या, नाहीतर ती किशोर आवृत्ती मागवा.